गंजगोलाई, मालाच्या सायकली आणि सहातल्या उरलेल्या चौघी

गोलाईची_लेक

मंडळी, राम राम. लातूरहून लिहितेय. धागा जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

गंजगोलाई ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गावाच्या मधोमध दुमजली गोल इमारत, आत जगदंबेचं देऊळ आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारखे फुटलेले १६ रस्ते. १९१७ सालचं काम, आखणी फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराची. एका रस्त्याला सोनं, एकाला चपला, एकाला मिरची नि गूळ. बैलगाड्यांच्या काळातली जागा. आता सकाळी ९ नंतर एखादा छोटा हत्ती आत शिरला आणि मधेच उभा करून ड्रायव्हर 'आलोच' म्हणत गेला, की अर्धा तास देवीलाही बाहेर पडता येणार नाही. आणि त्या गाडीत माल किती? बघायला गेलात तर तेलाचे चार डबे, साखरेचं एक पोतं आणि बिस्किटांचे खोके.

मी आमच्या भागातल्या बचत गटांच्या वस्ती स्तर संघाचा हिशेब लिहिते. गेल्या दिवाळीनंतर आम्ही मालाच्या सायकली सुरू केल्या. पुढचं चाक लहान, त्याच्यामागे खाली बुटका लोखंडी ओटा, त्यावर पेटी. ऐंशी-नव्वद किलो आरामात जातं. सहा जणींना शिकवलं. आज चौघी चालवतात. दोघी का गेल्या ते खाली सांगते. ते लपवून धागा काढण्यात अर्थ नाही.

काम दोन प्रकारचं. सकाळी गोलाईतून गल्लीतल्या किराणा दुकानांना माल. दुपारी आणि संध्याकाळी ट्यूशन एरियातल्या पोरापोरींचे डबे. लातूर पॅटर्नच्या नावानं अख्ख्या महाराष्ट्रातून लेकरं येतात, खोली करून राहतात आणि मेसचा डबा खातात. डबे पोचवणारी पोरं मोटारसायकलवर दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवून जातात. वरण सांडतं, पोळ्या ओल्या होतात. आमच्या पेटीत डबे उभेच्या उभे राहतात. मेसवाल्या काकूंना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही, वरण सांडत नाही एवढ्यावर त्या राजी झाल्या.

प्रशिक्षणाबद्दल लिहायचं होतं म्हणून खरं तर हा धागा. आम्हाला आधी एका संस्थेनं तीन दिवसांचा वर्ग दिला (नाव सांगत नाही, माणसं भली होती). खुर्च्या, प्रोजेक्टर, हरित शहर, कार्बन, व्यक्तिमत्त्व विकास. शेवटी प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो. चौथ्या दिवशी सायकलवर पोतं ठेवलं आणि पहिलीच बाई गांधी चौकाच्या अलीकडं आडवी झाली. गुडघा फुटला, साखर रस्त्यावर.

मग मी गोलाईत आयुष्यभर हातगाडी ओढलेल्या एका काकांना गाठलं. वय साठीच्या जवळ, कंबर गेलेली. 'काका, आमच्या बायकांना शिकवा.' ते हसले. म्हणाले, 'सायकल तुमची, मला चालवायला येत न्हाई. पण वजन कसं ठिवायचं ते दावतो.'

पहिले दोन दिवस त्यांनी सायकल हलवूच दिली नाही. फक्त भरायची, उतरवायची, परत भरायची. तेलाचा डबा आधी, सगळ्यात खाली, मागच्या भिंतीला टेकून. पोतं आडवं, शिवण वर. हलकं खोकं पुढं नको, वारा लागतो. बांधायला सुतळी नाही, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. त्यांची एक गाठ आहे, ओढली की घट्ट आणि शेपटी खेचली की सुट्टी. आमच्यातल्या एकीनं ती शिकायला अख्खी सकाळ घेतली, आता ती एका हातानं मारते. मग प्रत्येकीला पेटी हलवून बघायला लावली. 'माल आवाज करायला लागला म्हंजी तो तुला पाडनार.' हे एक वाक्य त्या तीन दिवसांच्या वर्गात कुणी बोललं नव्हतं.

सहापैकी दोघींनाच सायकल येत होती. एकीला शाळेत असताना सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळाली होती म्हणून. बाकी चौघींना क्रीडा संकुलाजवळ पहाटे ५ ला शिकवलं. पहाटे का, ते बायकांना सांगायला नको.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देते.

अवांतर_आजोबा

पहिला नंबर! वाचतोय.

अवांतर: आमच्या लहानपणी दूधवाला काळ्या २८ इंची सायकलला चार कॅन लटकवून १० किलोमीटरवरून यायचा. त्याला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही. आणि ती अ‍ॅटलस कंपनी! साहिबाबादचा कारखाना २०२० ला ३ जूनला बंद झाला, नेमक्या जागतिक सायकल दिनी. नियतीला विनोदबुद्धी आहे.

तेरणाकाठ

मस्त लिहिलंय ताई. पण एक इचारतो, राग मानू नका. गोलाईतल्या हमालांच्या पोटावर पाय नाही का हा? आमचे वडील मोंढ्यात माथाडी होते. १९६९ चा कायदा झाला तेव्हा कुठं त्या माणसांना बोर्ड, हजेरी, फंड मिळाला. आता बायकांना स्वस्तात कामाला लावून तेच काम काढून घ्यायचं, आणि वर हिरवं शहर म्हणायचं?

गोलाईची_लेक

@तेरणाकाठ, राग कशाचा. हाच प्रश्न गोलाईत पहिल्याच आठवड्यात विचारला गेला, आणि तिथली भाषा तुमच्याइतकी मऊ नव्हती.

ट्रकमधून दुकानात पोती उतरवायचं काम आम्ही शिवत नाही. ५० किलोचं पोतं पाठीवर घ्यायचं ते त्यांचंच. आम्ही दुकानाच्या फळीवरून पुढं, गल्लीपर्यंत. हे काम टेम्पोकडं आणि दुकानातल्या पोऱ्याच्या मोटारसायकलकडं होतं. हातगाडीवाले मात्र आहेत आणि त्यांचं काम थोडं आमच्याकडं आलं, हे मी नाकारणार नाही. म्हणून काकांना शिकवायचे पैसे देतो, रोजाचे ४००. चहा-बिस्किटावर नाही. त्यांच्यासोबतचे दोघं आता आमच्या गाळ्यात माल लावून देतात. तेवढ्यानं सगळं फिटलं असं नाही.

पाना_पकड

मी सायकल मिस्तरी, परभणी. फोटो नसताना सांगतो: तुमची रिंग आउट होत असणार, म्हणजे चाक वाकडं फिरत असणार, आणि तीही मागची. साध्या सायकलच्या तारा ह्या वजनाला टिकत नाहीत. जाड गेजच्या तारा टाका. दर पंधरा दिवसाला आउट काढा. बायकांना स्वतः आउट काढायला शिकवा, नाहीतर निम्मी कमाई माझ्यासारख्याच्या खिशात.

दुसरं ब्रेक. सायकल रिक्षांचं जुनं दुखणं हेच, फक्त पुढच्या चाकाला ब्रेक आणि गिअर नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशींनी ह्यावर काम करून ठेवलंय: हलका सांगाडा, गिअर, मागच्या चाकांना ब्रेक आणि पुढं मोटरची मदत असलेली रिक्षासुद्धा. आपल्याच राज्यात झालेलं काम आहे, पण आपण बघायला जातो युरोपकडं.

तिसरं, वेड्या बाभळीचे काटे. मराठवाड्यात सायकलचा धंदा करायचा तर पंक्चर हा विषय दहावीला ठेवावा लागतो.

गोलाईची_लेक

@पाना_पकड, मानलं तुम्हाला. मागचीच रिंग, दोनदा. पंक्चर चौघीही काढतात. आउट एकच काढते, आणि तिच्याकडं आता गल्लीतली पोरं सायकली घेऊन येतात. एका आउटचे ५० रुपये घेते. शिकवणीतून निघालेला हा एक धंदा आम्ही ठरवलाच नव्हता.

हँबुर्गात_मराठी

मूळचा अंबाजोगाईचा, सध्या हँबुर्गात. आमच्याकडे यूपीएस ह्या कुरिअर कंपनीनं २०१२ मध्ये शहराच्या मध्यभागी कंटेनर ठेवायला सुरुवात केली. पहाटे ट्रक कंटेनर आणून ठेवतो, दिवसभर माणसं त्यातून पार्सलं काढून सायकलीनं आणि पायी वाटतात. बर्लिनमध्ये २०१८ ला मौअरपार्कजवळ एकाच आवारात पाच कुरिअर कंपन्यांनी आपापले कंटेनर टाकले होते. एकमेकांची तोंडं न बघणाऱ्या कंपन्या, पण जागा एक.

इथं मला कळलेली गोष्ट अशी: सायकल जिंकते ती वेगामुळे नाही, उभं राहायला जागा मिळते म्हणून. व्हॅनवाला पार्किंग शोधत चौकाला तीन प्रदक्षिणा घालतो, तोवर सायकलवाला दारात. लंडनमधल्या एका सायकल कंपनीच्या फेऱ्यांची आकडेवारी घेऊन २०२१ मध्ये अभ्यास झाला, त्यात शहराच्या मध्यभागात सायकलची डिलिव्हरी व्हॅनपेक्षा ६० टक्के वेगानं झाली, आणि कार्बन डिझेल व्हॅनच्या मानानं ९० टक्के कमी.

पण गावाच्या मध्यावर छोटं गोदाम नसेल तर हे सगळं कोसळतं. सायकल दोन-तीन किलोमीटरच्या घेरात राणी आहे, दहा किलोमीटरला भिकारीण. तुमचा गाळा कुठे आहे?

(आणि हो, जर्मन सरकारनं धंद्यासाठीच्या विजेच्या मालसायकलींना किमतीच्या २५ टक्के, जास्तीत जास्त २,५०० युरो अनुदान दिलं होतं. अट होती की सायकलनं किमान १२० किलो वाहायला हवं. आपल्याकडे असं काही?)

गोलाईची_लेक

गूळ मार्केटच्या मागं एक शटर, आठ बाय दहा. महिन्याला २,५०० भाडं. तुम्ही कंटेनर म्हणता, आमचं ते शटर. त्यात मुंग्या फार. गुळाची कृपा.

अनुदानाचं म्हणाल तर गुलाबी ई-रिक्षाची योजना आहे. त्यात राज्याचे २० टक्के, बाईचे १० टक्के आणि ७० टक्के बँकेचं कर्ज. पण ती प्रवासी रिक्षा, मालाच्या सायकलला त्यात खण नाही. बँकेत साहेबांनी विचारलं, 'सायकलला कर्ज? गहाण काय, घंटी?' शेवटी गटातूनच अंतर्गत कर्ज काढलं.

कायदा_काना_मात्रा

कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. मोटर आहे का? असेल तर नियम काय, हे माहीत आहे का?

मोटरची क्षमता २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती 'मोटार वाहन' धरली जात नाही. म्हणजे लायसन नको, पासिंग नको. पण लोक पुढचं कलम वाचत नाहीत. हे सगळं मान्यताप्राप्त संस्थेनं तपासून दिलेलं असावं लागतं, पुण्याची एआरएआय हे त्यातलं एक नाव. बाजारातून किट आणून गल्लीत बसवलं की तुमची सायकल कागदावर अधांतरी. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

त्याच्यावरची पायरी ई-कार्टची, म्हणजे विजेवरच्या तीनचाकी मालगाडीची. ३१० किलोपर्यंत माल, पण त्याला लायसन आणि नोंदणी दोन्ही लागतं.

हिशेबी_माणूस

आता सगळे सायकलच्या प्रेमात पडलेत म्हणून मी पाणी ओततो. आकडे टाका ताई. एका बाईला महिन्याला हातात किती? 'सक्षमीकरण' सोडून बोला.

गोलाईची_लेक

@कायदा_काना_मात्रा, आमच्या चारपैकी दोन सायकली बिनमोटरच्या, गल्लीतल्या वेल्डरनं बनवलेल्या. वजन ४४ किलो. दोन विजेच्या, त्या तयार घेतल्या, तपासणीचा कागद गाळ्यात लावलेला आहे. बिनमोटरवाल्यांना किट लावायचा मोह झाला होता. एका मेकॅनिकनं '४० चा स्पीड काढून देतो' म्हणून सांगितलं. नको म्हटलं. चौघींचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढलाय, वर्षाला २० रुपये. तेवढ्यावर विसंबून चालणार नाही हे कळतं.

@हिशेबी_माणूस, घ्या. चांगल्या महिन्याचा, विजेच्या सायकलवाल्या बाईचा:

डबे ५५, दोन्ही वेळचे मिळून डब्यामागं महिना १५० रुपये, झाले ८,२५०. गोलाईच्या फेऱ्या रोज सरासरी ६, फेरीला ३०, २६ दिवस, झाले ४,६८०. बेरीज १२,९३०. त्यातून गाळ्याचा वाटा ६२५, तारा-ट्यूब-ब्रेक ३५० आणि सायकलचा हप्ता १,५००. हातात १०,४५५. चार्जिंग गाळ्यावर, एका वेळी अर्धा युनिटसुद्धा लागत नाही, ते भाड्यातच धरलंय. हेच काम स्कूटीवर केलं तर पेट्रोल लिटरला शंभराच्या वर.

आता वाईट महिना. मेच्या पहिल्या रविवारी डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा होते. सोमवारी ट्यूशन एरिया रिकामा. गाद्या, बादल्या, पुस्तकांचे गठ्ठे एसटीच्या टपावर. डबे ५५ वरून ९. नवीन बॅचा भरेपर्यंत दोन महिने असेच. आमच्यातली एक तेव्हा सोडून गेली. नवरा आजारी, तिला दर महिन्याला ठरलेले पैसे हवे होते. आता एका दवाखान्यात झाडलोट करते, ७,००० वर. कमी आहेत, पण १ तारखेला येतात. मी तिला काय समजावणार?

दुसरी गेली त्याची गोष्ट सांगताना अजून हात थरथरतो. एका मेसवाल्यानं (नाव देत नाही) फोन करून विचारलं, 'डबे नेणाऱ्या ताईंचं आडनाव काय?' मी विचारलं, कशाला? 'न्हाई, पालक विचारतात.' आडनाव सांगितलं नाही. त्यानं दुसऱ्या दिवसापासून १८ डबे बंद केले. तिला कळलंच. ती भांडली नाही, रडली नाही. सायकल पुसून गाळ्यात लावली, किल्ली माझ्या वहीवर ठेवली आणि गेली. दोनदा घरी जाऊन आले. चहा पाजते, सायकलचा विषय काढू देत नाही.

तीन दिवसांच्या वर्गात 'ग्राहकाशी सौजन्याने वागा' असं एक पान होतं. ग्राहकानं कसं वागायचं ते पान नव्हतं.

परभणीकरीण

वाचून सुन्न. त्या ताईंना माझा नमस्कार सांगा.

तेरणाकाठ

म्हंजी शहर हिरवं झालं तरी डोकं त्येच. ताई, माझा आधीचा प्रतिसाद जरा तिखट होता. माघार घेत नाही, पण आता तुमच्या बाजूनं बोलतोय असं समजा. त्या मेसवाल्याला बाकी मेसवाल्यांनी तरी काही बोललं का?

गोलाईची_लेक

एका काकूंनी बोललं. मोठ्यानं. आणि स्वतःचे ७ डबे वाढवून दिले. बाकीचे गप्प.

एक_पाय_पुढे

नांदेड. डाव्या पायाला पोलिओ. सर्वसमावेशक म्हणता तेव्हा आमचं काय? मला पायडल मारता येत नाही, पण गावातला प्रत्येक बोळ तोंडपाठ आहे.

हँबुर्गात_मराठी

@एक_पाय_पुढे, आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशन कंपनीची निओबोल्ट बघा. व्हीलचेअरला पुढं जोडायचं विजेचं चाक. झोमॅटोचे काही डिलिव्हरीवाले त्यावर काम करतात.

एक_पाय_पुढे

माहीत आहे, व्हिडिओ पाहिलेत. रस्ते बघितलेत का आमचे? पण धन्यवाद.

गोलाईची_लेक

@एक_पाय_पुढे, खरं सांगते, तुमच्यासारख्यांसाठी आमच्याकडं सायकल नाही. पण दुसरं काम आहे आणि त्याला माणूस मिळत नाही. फोनवर बसून फेऱ्या लावणं. कोणता माल कोणत्या क्रमानं, कुठली गल्ली बंद, कुठं लग्नाचा मांडव. आत्ता ते मी करते आणि वाईट करते. काल एकीला एकाच बोळात तीनदा पाठवलं, तिनं मला जे सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही. नांदेडात असं काही सुरू झालं तर बोळ तोंडपाठ असणारा माणूस आधी शोधा म्हणून मी सांगेन.

हिशेबी_माणूस

आकड्यांबद्दल आभार, इतका सरळ हिशेब इथं क्वचित मिळतो. एक खटकलं. हप्ता फिटल्यावर सायकल कुणाची? संघाची की बाईची? इथंच सगळ्या योजना सडतात.

पाना_पकड

गुवाहाटीच्या रिक्षा बँकेनं २००४ पासून हेच केलं. रोजचं भाडं मालकाला देत मरायच्या ऐवजी तेवढाच हप्ता भरायचा, आणि तो फिटला की रिक्षा चालवणाऱ्याची. स्वतःची झाली की माणूस तेलपाणी न सांगता करतो, हे मी दुकानात रोज बघतो. भाड्याची सायकल ओळखायला मला चेनकडं एकदा बघितलं तरी पुरतं.

गोलाईची_लेक

बाईची. लिहून दिलंय. एकच अट, पहिल्या वर्षात विकायची झाली तर आधी संघाला विचारायचं. ही अट मी घातली आणि चौघींनी माझ्याशी भांडून तीन वर्षांची एकावर आणली. ते भांडण झालं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे टिकेल.

अवांतर_आजोबा

उन्हाचं काय करता? मे महिन्यात ४२ डिग्रीत पेटी ओढायची म्हणजे गंमत नाही.

गोलाईची_लेक

गोलाईच्या फेऱ्या सकाळी ७ ते ११. दुपारचा डबा साडेअकराला निघतो तो १ च्या आत संपला पाहिजे. नंतर ५ पर्यंत गाळा बंद. मेमध्ये डबेच नसतात म्हणून दुपार आपोआप सुटते, हीच त्या महिन्याची एक बरी बाजू. डोक्याला ओला पंचा आणि गाळ्यात माठ. चौघींतली एक म्हणते, २०१६ ला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ती सायकलला चार कॅना लावून टाकीपासून घरापर्यंत ढकलत न्यायची. साठ लिटर, चालवता येत नव्हती म्हणून ढकलत. 'तवा कुनी शिकवलं असतं तर बसून नेलं असतं की.'

कायदा_काना_मात्रा

पुढची तुकडी कधी? आमच्या मावसबहिणीला विचारायचंय, ती औसा रोडला राहते. वय ४३, चालेल का?

गोलाईची_लेक

चालेल. सगळ्यात जोरात चालवणारी आमची ४७ ची आहे. सोमवारपासून पहाटे ५ ला, क्रीडा संकुलाजवळ. पहिले दोन दिवस काका सायकलला हात लावू देणार नाहीत, तिला आधीच सांगून ठेवा. साडी चालते, ओढणी नको, चेनमध्ये जाते. आणि घरात जुनी ट्यूब पडली असेल तर घेऊन या म्हणावं, पट्ट्या संपल्यात.